मध्यस्थानं कुठं बसायचं

या, जरा पुढं सरका. बुवांची गाडी घाटाखाली पंक्चर झालीय म्हणे, घटकाभर तरी यायची नाही. मृदंग लावून झाला, माईकवाल्याचं 'हॅलो, हॅलो' संपलं, आता नुसतं बसलं तर डोळा लागेल. त्यापेक्षा एक गोष्ट सांगते. पोरांनो, तुम्हीही या, ते फुगे नंतर फोडा. गोष्ट पुराणातली नाही, आपल्या गावच्या हायस्कुलातली आहे. आणि आधीच सांगून ठेवते, भीतीची आहे. भुताबिताची नव्हे. भुताच्या गोष्टीत शेवटी दोरीच निघते, किंवा वाळत घातलेलं धोतर. ह्या गोष्टीत जे होतं ते खरंच होतं, आणि ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं.

"भिवा माझ्या दप्तरात पाणी ओततो," सर्जेराव म्हणाला.

चटईवर त्याचं दप्तर होतं, अजून ठिबकत होतं. भूगोलाचं पुस्तक फुगून उशीएवढं झालेलं.

"म्हण," मी भिवाला सांगितलं.

"भिवा माझ्या दप्तरात पाणी ओततो," भिवा म्हणाला. ना हसला, ना चिडला. भिंतीवर लावलेले भाले मोजत असल्यासारखा बघत राहिला.

"होय," सर्जा म्हणाला. "असंच म्हणालो."

खेळाच्या सामानाची ती खोली. एका कोपऱ्यात लेझमा, एका कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू, आणि मधोमध चटई. मी नववीत होते. त्या वर्षी चौगुले बाईंनी शाळेत 'समेट' सुरू केला होता. भांडण झालं की ते मास्तरांपुढं न्यायचं नाही. मास्तरांपुढं नेलं की दोघांना छड्या मिळायच्या आणि भांडण जसंच्या तसं दप्तरात घालून घरी जायचं. त्यापेक्षा पोरांचं भांडण पोरांनीच बसून ऐकावं, असं बाईंचं म्हणणं. वर्गांनी मतं देऊन मध्यस्थ निवडले, त्यात मी होते आणि दहावीतला दस्तगीर मुलाणी होता. आम्हा दोघांची जोडी. पोरं आम्हाला बघून 'आली बघा पंचायत, पान-सुपारी काढा' म्हणायची; पण यायची. कबड्डीतला डाव, रिबिनीवरून झालेला अबोला, सायकलचा वॉल्व्ह कुणी काढला, कायकाय मिटवलं होतं आम्ही त्या चटईवर.

बाईंची शिकवण सोपी होती. "तुम्ही न्यायाधीश नाही. कोण चुकलं ते तुम्ही ठरवायचं नाही. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं काय ऐकलं ते सांगायचं. पहिला 'होय' म्हणाला की मग दुसऱ्याची पाळी. तुम्ही फक्त मध्ये बसायचं."

ह्यात मी एक चूक करायची. बाई सांगायच्या, ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायला लावा. मी आपली लावायची जसंच्या तसं म्हणायला. माझे दादा सप्त्यातले टाळकरी, मी लहानपणापासून त्यांच्या पायाशी बसून कीर्तनं ऐकलेली. बुवांनी चरण सोडला की टाळकरी तोच उचलतो, तसंच मला भांडणातही वाटायचं. बाई म्हणायच्या, "अनसूया, पोपटपंची नको गं, समजून घेणं हवं." मी मान डोलवायची आणि पुन्हा तेच करायची. दादा सांगायचे, टाळकऱ्यानं आपलं शहाणपण मध्ये घालू नये. चरण आला तसा झेलावा, अर्थ मागाहून आपल्या पायानं चालत येतो.

"आता भिवा बोलेल," मी म्हटलं.

"गंमत केली," भिवा म्हणाला. "चुकलं माझं. परत नाय ओतणार."

"गंमत केली, चुकलं माझं, परत नाय ओतणार," सर्जानं घाईघाईनं म्हणून टाकलं. "माझ्याकडनं मिटलं."

"मिटलं?" दस्तगीर म्हणाला. "आरं, मी अजून मांडीबी नीट घातली नाय." मग भिवाकडं वळला. "भिवा, पाणीच का रं? माती घालायची, खडूचा भुगा घालायचा. दर खेपंला पाणीच?"

भिवानं सर्जाकडं बघितलं. सर्जाचा हात गळ्यापाशी गेला. हा पोरगा उन्हाळा असो, पावसाळा असो, सदऱ्याचं वरचं बटण कायम लावून असायचा.

"नळ जवळ हाय," भिवा म्हणाला आणि उठला.

ती दोघं गेल्यावर दस्तगीर दप्तराखालची ओल पायानं पुसत म्हणाला, "अने, हे लई लवकर पिकलं. आढीत दडपून घातलेल्या आंब्यावानी."

मला तेव्हा ते कळलं नाही. उलट मी खूश होते. एवढ्या लवकर एकही समेट झाला नव्हता.

आमचे हेडसर जगदाळे म्हणजे कीर्तनाचे वेडे. कुठंही सप्ता असो, सर सायकलवर. कीर्तन संपल्यावर आपण लहानथोर न बघता एकमेकांच्या पाया पडतो, गळ्यात पडतो, ते सरांना फार आवडायचं. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की समेट झाला की दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्या दोघांनी सगळ्या शाळेपुढं गळाभेट घ्यायची. पोरांनी टाळ्या वाजवायच्या. बाई एकदा म्हणाल्या होत्या, "सर, ते त्यांचं त्यांना करू द्या ना." सर हसले होते. "बाई, चांगल्या गोष्टीला मुहूर्त कशाला?" माणूस सोन्यासारखा, पण त्यांना गोष्टीचा शेवट आधी लागायचा.

दुसऱ्या दिवशी परिपाठात भिवा आणि सर्जा पुढं आले. मी ओट्याच्या पायरीवर, अगदी दोन हातांवर उभी. भिवानं हात पसरले, सर्जा त्यात गेला. टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांच्या आडून भिवानं त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि मी ऐकलं.

"शाळा सुटल्यावर हिरीवर ये. जिथं त्याला सोडलास तिथं. नाय आलास तर तुझ्या घरात येऊन सांगीन."

सर्जा मागं झाला तेव्हा त्याच्या तोंडावर रक्त नव्हतं. ओठ पांढरे, चुन्याचं बोट फिरवल्यासारखे. आणि पोरं अजून टाळ्या वाजवत होती.

आता त्या विहिरीचं तुम्हाला सांगायला हवं. ओढ्यापलीकडं खोतांच्या मळ्यात जुनी मोटेची विहीर होती. मोट कधीच गेली होती, दगडी खांब तेवढे उभे. कठडा नाही. भिवा त्या खोतांचाच. आदल्या उन्हाळ्यात भिवाचा धाकटा भाऊ संतू त्या विहिरीत गेला होता. चौथीतलं पोर. त्या वेळी त्याच्यासोबत एकटा सर्जा होता. सर्जा वस्तीवर धावत आला, 'संतू, संतू' एवढंच ओरडत राहिला. माणसं जाईपर्यंत सगळं झालं होतं. पोलीस पाटलांनी विचारलं, आईबापांनी विचारलं, सर्जा म्हणाला, 'बुडाला.' ह्याच्यापुढं एक शब्द नाही. मग त्याला मामाच्या गावी पाठवलं, शाळा उघडल्यावर परत आणलं. आणि हेडसरांनी जागा वाटताना दोघांना एकाच बाकावर बसवलं. दोघं आधीचे जिवलग ना! कुणाला काही वाटलंच नाही.

पाणी का, ते मला तेव्हा त्या पायरीवर उभ्या उभ्या कळलं. 

बाईंनी आम्हाला एक गोष्ट बजावून सांगितली होती. चटईवरचं चटईवर ठेवायचं; पण कुणाच्या जिवाला धोका दिसला तर त्याच पावली मोठ्या माणसाला सांगायचं. बाई त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला गेलेल्या. मी हेडसरांच्या ऑफिसात गेले. सर फेट्याचं कापड हातात घेऊन उभे, दुपारी कुणी साहेब यायचे होते.

"सर, भिवानं सर्जाला विहिरीवर बोलावलंय."

"कुठला भिवा? खोत? अगं, सकाळीच तर गळाभेट झाली."

"सर, त्यानं कानात सांगितलं. मी ऐकलं."

"पोहायला जात असतील. मी बजावतो दोघांना, पाण्याकडं जायचं नाही म्हणून."

"पोहायला नाही, सर..."  पुढचं जे होतं ते बोलायला शब्दच नव्हता माझ्याकडं. काय सांगणार होते? भिवा त्याला मारील? वर्गात सगळ्यांत गरीब पोर ते.

"अनसूया," सर मायेनं म्हणाले, "मिटलेलं उकरू नये, बाळ. जा, फुलं झाली का बघ."

साहेब आले, नारळ झाला, भाषण झालं. मी कशातच नव्हते. शाळा सुटली तेव्हा मी फाटकाकडं पळाले, तर गर्दीत दोघंही नाहीत. दस्तगीर सायकलच्या चेनला काडी घालत बसलेला. मी त्याला सगळं एका दमात सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. काडी टाकून दिली, सायकल तशीच पाडली.

"वस्तीवर मोठं माणूस कोण आसंल?"

"सगळी बाजाराला. आज बाजार."

"मग आपुनच," तो म्हणाला.

ओढा ओलांडून उसातली वाट. श्रावणातला ऊस, डोक्याच्या वर गेलेला, दोन्हीकडून पाती अंगाला घासतात. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, मी चप्पल तिथंच सोडली. मी देवाचं नाव घ्यायला लागले आणि मला ते नाव पुरं येईना. अर्धं तोंडात आणि अर्धं धापेत. ऊस सळसळला की वाटायचं, पाण्यात काही पडलं. थांबून ऐकायची. पुन्हा पळायची.

ऊस संपला आणि विहीर दिसली.

सर्जा अगदी काठावर उभा होता, पाण्याकडं पाठ करून. भिवा त्याच्यासमोर. दोघांमध्ये दोन हात जागा. भिवाच्या हातात काही नव्हतं, दोन्ही हात पाठीमागं बांधलेले.

"मी बोटबी लावणार नाय तुला," भिवा म्हणत होता. आवाज शांत, गणित सोडवताना असतो तसा. "तू आपला मागं सरक."

आणि त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. सर्जा तेवढा मागं झाला. त्याच्या टाचेखालचा खडा सुटला आणि खाली डुबुक वाजलं. पावसानं विहीर वरपर्यंत आली होती, काळी, शेवाळलेली.

"भिवा!" मी ओरडले.

"तू घरी जा, अने. समेट झालाय. टाळ्या झाल्यात."

मी जागच्या जागी थिजले. पुढं जावं तर भिवाला आणखी पुढं ढकलल्यासारखं होईल, नाही जावं तर तो आपण होऊन पाऊल टाकेल. खोटं नाही सांगत. इतकी भीती मला पुढं बाळंतपणातही वाटली नाही.

दस्तगीर माझ्या शेजारी नव्हता. तो विहिरीच्या दुसऱ्या अंगानं, खांबाला धरत धरत, हळूच काठाकाठानं गेला होता. तो सर्जाच्या अगदी पायाशी आला आणि चक्क खाली बसला. काठावर, पाय आत सोडून, ओट्यावर बसतात तसा.

दस्तगीरला पोहता येत नव्हतं. सगळ्या शाळेला ठाऊक होतं. ओढ्याला पाणी आलं की त्याला पोरं पाठुंगळी घेऊन न्यायची.

"दस्त्या, ऊठ तिथनं," भिवा म्हणाला. पहिल्यांदा त्याचा आवाज हलला.

"उठतो की. पण बाईंनी सांगितलंय, मध्यस्थानं दोघांच्या मध्ये बसायचं. तुम्ही मध्ये जागाच ठेवली नाय, म्हणून म्हटलं हितं बसू." त्यानं पाय हलवले. "लई गार वाटतंय खालनं. अने, ये की. चटई नाय आणली, तेवढं माफ कर."

मी कशी गेले मला ठाऊक नाही. भिवाच्या एका बाजूला जाऊन जमिनीवर बसले. 

"भिवा," मी म्हटलं, "तू बोल. सर्जा ते म्हणेल."

"मला काय बोलायचं नाय."

"मग मी हितंच हाय," दस्तगीर म्हणाला. "आमची म्हातारी वाट बघून भाकरी कुत्र्याला घालंल, तेवढंच कुत्र्याचं भलं."

भिवा हसला नाही. पण पाऊलही टाकलं नाही. वारा सुटला, ऊस वाजला, थांबला. मग त्यानं सर्जाच्या तोंडाकडं बघत, एकेक शब्द दगडासारखा ठेवत म्हटलं, "ह्यानं माझ्या भावाला पाण्यात सोडला आन् पळाला."

"सर्जा, म्हण," मी म्हटलं.

सर्जाचे ओठ नुसते हलले.

"जसं म्हणाला तसं म्हण. एक शब्द कमी नको."

"ह्यानं..." सर्जा म्हणाला. "ह्यानं माझ्या भावाला पाण्यात सोडला. आन् पळाला."

'माझ्या भावाला' हे शब्द सर्जाच्या तोंडून आले आणि भिवाचा चेहरा बदलला. जणू कुणी त्याच्या घरात न विचारता आलं. पण तो म्हणाला, "व्हय. असंच म्हणलो."

"आता सर्जा."

"मी पळालो नाय," सर्जा म्हणाला. "मी पवून वर आलो हुतो, चड्डी पिळत हुतो. संतू पायरीवर हुता. मागनं आवाज आला. मी परत उडी टाकली."

"खोटं!" भिवा ओरडला आणि पुढं झाला. सर्जा मागं वाकला.  दस्तगीरचा एक हात पाठीमागं जमिनीवर होता, दुसरा मला दिसत नव्हता.

"खोटं असू दे!" मीही ओरडले. मला वाटतं मी रडत होते. "खोटं असू दे, भिवा! म्हणायला काय होतंय? आधी म्हण, मग खोटं म्हण!"

भिवानं वाकडं तोंड करून, चिडवायला म्हणतात तसं म्हटलं, "मी पळालो नाय. मी परत उडी टाकली."

"मी त्याला धरला," सर्जा म्हणाला.

"मी त्याला धरला."

"तो माझ्या मानंला बिलगला. लई घट्ट."

"तो माझ्या मानंला बिलगला." वाकडेपणा कुठं गेला कळलं नाही. "लई घट्ट."

"आमी दोघं खाली गेलो. मला दम येईना. पाणी नाकात गेलं."

"आमी दोघं खाली गेलो," भिवा म्हणाला, आणि थांबला. मग स्वतःच पुढचं म्हणाला, "मला दम येईना."

सर्जा आता आमच्यातल्या कुणाकडंच बघत नव्हता. त्याचा हात गळ्याशी गेला आणि त्यानं ते वरचं बटण काढलं. कॉलर बाजूला केली. मानेवर बारीक बारीक, पांढुरके, भरत आलेले ओरखडे होते. लहान बोटांचे.

"मी त्याची बोटं सोडवली," तो म्हणाला. "माझ्या मानंवरनं. मी सोडवली. मग मी वर आलो आन् तो नाय आला."

बघा, मी 'म्हण' म्हणायला हवं होतं. नेम तोच होता. पण मी म्हटलं नाही. भिवा त्या ओरखड्यांकडं बघत होता. त्याचे पाठीमागचे हात सुटले होते, बोटं उघडझाप करत होती. आता हा पुढं होणार, मला वाटलं. आता होणार. मी डोळे मिटले.

"मी," भिवाचा आवाज आला, "मी त्याची बोटं सोडवली."

मी डोळे उघडले. भिवा मटकन खाली बसला होता.

"मी त्याची बोटं सोडवली," तो पुन्हा म्हणाला, ह्या खेपंला कुणी न सांगता. आणि मग सर्जाचं राहिलं बाजूला, त्याचंच सुरू झालं. "मी त्याला सांगितलं हुतं, मी डबा घिऊन येतो. पाठीला डबा बांधल्याबिगर उतरू नको. आन् मी डबा आणाय गेलो, तर वाटंत पोरं इट्टी-दांडू खेळत हुती. मी म्हणलो, एकच डाव. डबा माझ्या हातात हुता रं. रिकामा डबा घिऊन मी खेळत हुतो."

 मग सर्जानं, रडत रडत, ते जसंच्या तसं उचललं. "मी म्हणलो, एकच डाव. डबा माझ्या हातात हुता. रिकामा डबा घिऊन मी खेळत हुतो."

"व्हय," भिवा म्हणाला. "असंच." आणि गुडघ्यात डोकं घातलं.

पोटातलं इतके महिने कुणी कुणाला विचारलं नव्हतं. घरचे म्हणाले, त्याच्यापुढं संतूचं नाव काढू नका. शाळा म्हणाली, दोघांना एका बाकावर बसवा. एकाला वाटत होतं, मी मारला. दुसऱ्यालाही वाटत होतं, मीच मारला. आणि दोघं एका बाकावर शेजारी बसून फळ्यावरचं उतरवून घेत होते.

बऱ्याच वेळानं भिवानं डोकं वर केलं. "सर्जा, हिकडं ये. काठ सोड."

"पाय उचलंना," सर्जा म्हणाला. खरंच त्याचे पाय लाकडासारखे झाले होते. मग भिवा रांगत, अगदी जमिनीला पोट लावून काठापर्यंत गेला. त्यानं सर्जाचे दोन्ही घोटे धरले, मग हात धरला, आणि बसतं करून, फरफटत त्याला गवतावर आणलं. तिथं त्यांची जी गळाभेट झाली तिला टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

"आरं, मलाबी कुणी वढा की," दस्तगीर म्हणाला. "मी काय हितं न्हायाला बसलोय?"

आम्ही तिघांनी त्याला काखेत हात घालून मागं घेतलं. आणि तेव्हा मी बघितलं. तो दुसरा हात, जो मला दिसत नव्हता, त्या मुठीत त्यानं सर्जाच्या सदऱ्याचा खालचा शेव धरला होता. सगळा वेळ. आता सर्जा मागं आल्यामुळं कापड फाटून तुकडाच मुठीत राहिला होता, आणि मूठ उघडत नव्हती. मी एकेक बोट सरळ केलं. तळव्यात नखं रुतून रक्त आलेलं.

"दस्तगीर, तो पडला असता तर तूही गेला असतास की रे."

"व्हय," तो म्हणाला, आणि मग, इतका वेळ विनोद करणारा तो पोरगा, दातावर दात आपटत थरथरायला लागला. "मला लई भ्या वाटलं, अने. लई भ्या वाटलं."

दिवस मावळायच्या आत आम्ही चौघं खोतांच्या घरी गेलो. भिवाची आई बाजारातून येऊन भाजी निवडत होती. सर्जा उंबऱ्यातच उभा राहिला. भिवा म्हणाला, "आई, सर्जाला तुला कायतरी सांगायचंय. पुरं ऐक. मध्ये बोलू नको."

सर्जानं सांगितलं. सगळं, बोटांचंही. त्या माउलीनं मध्ये एक शब्द काढला नाही. ऐकून झाल्यावर ती उठली, सर्जाची कॉलर तिनं स्वतः बाजूला केली, आणि त्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. हळूहळू, एकेकावरून. "माझ्या लेकराची नखं," ती म्हणाली. "मी म्हणत होते त्या आठवड्यात, संतू, नखं काढ रं." मग तिनं सर्जाला चुलीपाशी बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. बाई आधी मला खूप रागावल्या, मोठं माणूस सोबत न घेता गेल्याबद्दल, आणि मग मला पोटाशी धरून तितक्याच रडल्या. हेडसर खोतांच्या घरी जाऊन आले, आणि आल्यावर खेळाच्या खोलीत त्या चटईवर एकटेच बराच वेळ बसून होते. परिपाठातली गळाभेट त्या दिवसापासून बंद झाली. कुणी काही जाहीर केलं नाही. भिवा आणि सर्जा आजही आहेत, तुम्ही ओळखता त्यांना. दोघांनी मिळून त्या विहिरीला कठडा बांधला, दर उन्हाळ्यात वस्तीवरच्या पोरांना पोहायला शिकवतात, डबा बांधून. मी त्यांना विचारूनच हे सांगतेय.

ती बघा, बत्ती दिसली वळणावर. बुवांचीच गाडी असणार. सरका, मधली वाट मोकळी करा. पण एवढं ऐकून मग उठा.

दस्तगीर पुढं एसटीत ड्रायव्हर झाला. वर्षानुवर्षं घाटातून माणसं सुखरूप आणली-नेली त्यानं. सध्या तो मिरजेला दवाखान्यात आहे. हृदयाची झडप बदलायचीय, उद्या सकाळी ऑपरेशन. दुपारी त्याचा फोन आला होता. आवाज ओळखू येईना, इतका बारीक. म्हणाला, "अने, सप्त्याला बसलीस का? मग माझंबी तेवढं बघ की. हिथं सगळी मला धीर देत्यात, आन् मी त्यास्नी हसवतोय. पर मला झोप नाय."

तेव्हा आज कीर्तन झालं, हात जोडायची वेळ आली, की आपल्या लेकराबाळांसाठी मागा, पिकापाण्यासाठी मागा. आणि मागून झालं की डोळे उघडायच्या आधी, मनातल्या मनात, दस्तगीर मुलाणी हे नाव एकदा घ्या.